सोळा वर्षांचा धूर

गोवेकर म्हटला की तो पिणारच, असा बाहेरच्यांचा ठाम समज. प्रत्यक्षात आमच्यासारखी कितीतरी घरं अशी आहेत की जिथे बाटली उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे बोटीवरून निवृत्त झालेल्या मावसभावाने आपल्या घरी लागावुलिन माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी मागे सरलो. तो म्हणाला, "अरे, हांव पी म्हणना. वास तरी घे."

लागावुलिन ही सिंगल माल्ट स्कॉच. म्हणजे एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची. ही भट्टी स्कॉटलंडच्या आयला बेटावर, १८१६ सालापासूनची. तिच्यासाठी बार्ली वाळवतात ती पीटच्या धुरावर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबलेल्या झाडपाल्याचा थर. तो कापून, वाळवून जाळतात. मग दोनदा गाळणे, आपल्याकडे हुर्राक आणि मग फेणी, तसेच. फरक त्यानंतर. हुर्राक त्याच मोसमात संपते. स्कॉच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे राहिलीच पाहिजे, असा तिथला कायदा. ही सोळा वर्षांची. म्हणजे तिच्यातला सर्वात कोवळा थेंबही सोळा वर्षांचा. बाटलीत भरली की वय थांबते.

पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जाते. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. कारकुनाची सवय, मी हिशेब मांडला: शंभर लिटर ठेवले तर सोळा वर्षांनी बहात्तर उरतात. गोव्याच्या उष्म्यात हा वाटा कित्येक पटींनी मोठा. २०१२ साली बाजारात आलेली आपल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन सोळा वर्षे ठेवायची म्हटली तर देवदूतच झिंगायचे! आमच्या खात्यातल्या फायलीही सोळा वर्षे मुरतात, पण वास येतो तो वाळवीचा.

ग्लास नाकाशी नेला आणि चकित झालो. न्हाणीघरात भाणाखाली पेटवलेल्या ओल्या लाकडाचा धूर, सुकी मासळी, जखमेवर लावायचे आयोडिन. भावाने चमचाभर पाणी घातले, तेव्हा धुरामागून मनुकांसारखा गोडवा वर आला. एक घोट घेतला. तो गेल्यावरही धूर जिभेवर बराच वेळ रेंगाळला. उरलेला पेग तसाच ठेवला.

महाग आहे म्हणून ती सोवळी होत नाही. त्रेचाळीस टक्के अल्कोहोल. म्हणजे फेणीएवढीच कडक. आणि फेणीनेच माझा धाकटा मामा सेहेचाळिसाव्या वर्षी नेला. मी आज त्याच वयाचा आहे. मामाला मी नेहमी मोठा शौकीन समजत आलो होतो.

त्या रात्री आईला सगळे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने शांतपणे विचारले, "वास घेतलोस?" हो म्हणालो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताका वास सोसनासलो. तो नाक धरून पियेतालो."

वीस वर्षांत ती त्याच्याविषयी पहिल्यांदाच बोलली. मग बराच वेळ बोलत राहिली, त्याच्या पोहण्याविषयी, दशावतारातल्या त्याच्या कामांविषयी. दारूचा विषय पुन्हा निघाला नाही.