प्रत

आमच्या कारंजा गावी बाहेरगावची जी माणसे येतात, त्यांतील बहुतेकांची पावले गुरुमंदिराकडे वळतात. नृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. तेव्हा ते स्वाभाविकच आहे. परंतु क्वचित एखादा पाहुणा असा येतो, की तो जुन्या जैन मंदिरांची चौकशी करतो आणि दर्शन झाल्यावर हळूच विचारतो, "येथील पोथ्या कोठे पाहावयास मिळतील?" असा पाहुणा भेटला, की माझा दिवस चांगला जातो. भट्टारकांची पीठे येथे होती, आणि त्यांच्या मंदिरांतून शतकानुशतके ग्रंथ जतन केले गेले. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, आणि या भांडारांची कीर्ती विद्वानांमध्ये पसरली. 1931 साली डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश भाषेतील काव्य कारंजा ग्रंथमालेत छापून निघाले. पुष्पदंत कवीने ते दहाव्या शतकात रचले होते. मधल्या जवळजवळ हजार वर्षांत ते टिकले कसे? कोणीतरी त्याची प्रत केली. ती जीर्ण होऊ लागली तेव्हा दुसऱ्या कोणी त्या प्रतीवरून नवी प्रत केली. एवढेच त्याचे उत्तर आहे.

पोथी उतरविणे हे काम मुलांनो, तुम्हांला वाटते तितके सोपे नव्हते. बोरू तासायचा, शाई घोटायची, ओळी आखायच्या आणि मग आठवडेच्या आठवडे मान खाली घालून अक्षर अक्षर उतरवायचे. जुन्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर लेखनिक कधीकधी सांगतो, की पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे. तेव्हा हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. त्याच पानावर पुष्कळदा लिहिणाऱ्याचे नाव असते, लिहवून घेणाऱ्याचे नाव असते, गाव असते आणि वर्षही असते. जैन समाजात ग्रंथाची प्रत करवून ती मुनींना किंवा मंदिराला देणे याला शास्त्रदान म्हणतात, आणि ते मोठे पुण्यकर्म मानले जाते.

आता या पोथ्यांचा आणि आमच्या घरी आलेल्या संगणकाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध मी जोडला नाही. माझ्या नातीने जोडला.

ती सातवीत आहे. तिच्या अभ्यासासाठी आणि माझ्या लेखनासाठी आम्ही संगणक घ्यावयाचे ठरविले. सुटे भाग आणून संगणक जोडून देणारा एक तरुण गावात आहे. तो माझा जुना विद्यार्थी. हाताने कुशल, बोलण्यात नम्र. त्याने दोन तास खपून यंत्र उभे केले आणि खिशातून बोटाएवढी एक वस्तू काढली. "सर, विंडोज टाकून देतो, ऑफिस टाकून देतो, अँटिव्हायरसही टाकतो. त्याचे वेगळे पैसे नाही लागत."

"का लागत नाहीत?" मी विचारले.

तो हसला. "एवढं कोणी पाहत नाही, सर. साऱ्या गावात असंच चालते."

संगणकाच्या यंत्राला स्वतःचे असे काही कळत नाही. कोणत्या क्षणी काय करावे, हे त्याला सांगणारी आज्ञांची मालिका लागते. तिला आपण सॉफ्टवेअर म्हणतो. ती माणसे लिहितात, तपासतात, तिच्यातील चुका दुरुस्त करतात, आणि ते काम वर्षानुवर्षे चालते. विकाऊ सॉफ्टवेअरची किंमत ही त्या श्रमांची किंमत असते. ती न देता, कुलूप मोडून, तीच वस्तू वापरणे याला पायरसी म्हणतात, मराठीत चाचेगिरी. मी त्या तरुणाला एवढेच म्हणालो, की आमच्या घरी जे येईल ते परवान्याने येईल. तेवढ्यात नातीने, जी शेजारी बसून सर्व ऐकत होती, प्रश्न केला, "आबाजी, पोथीची प्रत केली तर पुण्य, आणि याची केली तर चोरी? असं कसं?"

चाळीस वर्षे वर्गात उभा राहिलेला मी माणूस. परंतु इतका सरळ प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला असेल. मी तिला चहानंतर उत्तर देतो असे सांगितले आणि चहा मुद्दाम हळू घेतला.

पुष्पदंत कवी मान्यखेट येथे राहत होता. राष्ट्रकूट राजाचा मंत्री भरत याने त्याला आश्रय दिला, आणि भरताचा पुत्र नन्न यानेही तो पुढे चालविला. म्हणजे कवीच्या अन्नवस्त्राची सोय झालेली होती. त्याच्या काव्याची प्रत कोणी केली, तर त्याच्या ताटातील घास कमी होत नव्हता. उलट काव्य चार गावांत पोहोचावे, हीच त्याची आणि आश्रयदात्याची इच्छा असणार. प्रत करणारा आपले श्रम घालीत होता आणि कवीचे नाव पुसत नव्हता. आज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला असा मंत्री भेटत नाही. त्याचा घास प्रत्येक प्रतीच्या किमतीतच असतो. आणि प्रत करणाऱ्याला श्रम म्हणाल, तर दोन मिनिटांचे! पोथी उतरविणाऱ्याची मान दुखत होती, म्हणून मूळ लिहिणाऱ्याच्या कष्टांची त्याला आठवण राहत होती. ज्याचे बोटही दुखत नाही, त्याला ती राहावी कशी?

हे भांडण काही नवे नाही. 1976 साली, वीस वर्षांचा बिल गेट्स याने अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्याच्या चमूने लिहिलेली बेसिक ही प्रणाली पुष्कळ जण वापरीत होते, परंतु त्यांतील बहुतेकांनी ती विकत घेतलीच नव्हती. अशाने चांगले काम करावयास कोण पुढे येईल, असा त्याचा सवाल होता. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलींनाही पुस्तकांप्रमाणे संरक्षण मिळाले. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास शिक्षा सांगणारे कलम 1994 च्या दुरुस्तीने आले. विकत घेतलेली प्रत बिघडली तर हाताशी असावी म्हणून एक राखीव प्रत करून ठेवण्यास मात्र हाच कायदा मुभा देतो.

तरुण हे ऐकत होता. तो म्हणाला, "सर, त्या कंपन्या मोठ्या आहेत. माझ्यासारख्यानं दोन प्रती टाकल्या, तर त्यांचं काय बिघडते?"

मी त्याला पुण्याच्या कैलास काटकरांची हकीकत सांगितली. दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबले. ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्त केलेले संगणक पुन्हा दुकानात येत, कारण त्यांत विषाणू शिरलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. त्यांतून 1995 साली क्विक हील बाजारात आले. "ते दुकान त्या वेळी तुझ्या दुकानाहून काही फार मोठे नव्हते," मी म्हणालो. "तेव्हा त्यांची प्रत कोणी फुकट उतरून घेतली असती, तर ती कोणत्या मोठ्या कंपनीची गेली असती?"

तो काही बोलला नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, "लोक दुरुस्तीला बोलावतात, सर, आणि निघताना म्हणतात, दहा मिनिटांचं तर काम होतं, त्याचे काय पैसे!" हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. त्याची दुसरी अडचणही खरी होती. परवान्याचे पैसे मागितले, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. या अडचणीला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि उपदेश करून त्याचे दुकान चालणार नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यानेच बोलता बोलता सांगितली, आणि मला ती सर्वांत उद्बोधक वाटली. कुलूप मोडलेले सॉफ्टवेअर टाकताना संगणकाचे संरक्षण पुष्कळदा आधी बंद करावे लागते. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून अनोळखी माणसाला घरात घ्यायचे आणि मग चोरी झाली म्हणून ओरडायचे! त्या अनोळखी माणसाने बरोबर काय आणले आहे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

शेवटी आम्ही काय केले, ते सांगतो. विंडोज आणि अँटिव्हायरस विकत घेतले. खर्च जाणवला, हे मी लपवीत नाही. त्या महिन्यात आमची पुस्तकखरेदी राहिली. ऑफिसचा विकाऊ संच मात्र घेतला नाही. मला पत्रे आणि लेख लिहावयाचे, नातीला प्रकल्प करावयाचे. त्यासाठी लिबरऑफिस पुरेसे आहे. ते कोणीही विनामूल्य घ्यावे, वाटावे, अशी त्याच्या कर्त्यांचीच परवानगी आहे, आणि ते मराठीतही मिळते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली मुक्त सॉफ्टवेअरचा जो उपक्रम जाहीर केला आणि फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा जो गाभा जगापुढे ठेवला, त्यांच्या मागोमाग अशा कामाला हजारो हात लागले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडविलेली 'मुक्त' ही देवनागरी अक्षरेही याच रीतीने सर्वांना खुली आहेत. नातीला मी म्हणालो, "हे बघ, शास्त्रदान अजून चालू आहे." तिला हे उत्तर पटले. तिने त्या सॉफ्टवेअरची प्रत तिच्या मैत्रिणीलाही लगेच देऊन टाकली.

विंडोज बसविताना पडद्यावर लांबलचक करारपत्र आले. तरुणाचे बोट सवयीने 'मान्य आहे' या खुणेकडे गेले. नातीने त्याला थांबविले आणि जेवढे समजले तेवढे वाचून काढले. मग पंचवीस अक्षरांची किल्ली टंकायची होती. ती तिने एक एक अक्षर मोठ्याने उच्चारीत टंकली आणि हरवू नये म्हणून वहीतही उतरून ठेवली. तरुणाने जोडणीची मजुरी घेतली. परवान्यांच्या रकमा बिलावर वेगळ्या लिहिल्या.

आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन आकडे सांगतो: परवान्याच्या सॉफ्टवेअरसह एक आणि मुक्त सॉफ्टवेअरसह दुसरा. तिसरा आकडा तो सांगत नाही. काही गिऱ्हाइके त्यामुळे उठूनही जातात. परवा बाजारात भेटला, तेव्हा मी विचारले, "या महिन्यात किती जण थांबले?"

"सात आले होते, सर," तो म्हणाला. "चार थांबले."