लेकराचा ताप, अंगारा आणि थर्मामीटर

बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं बालपणीच गेली. राजरत्न गेला 1926 साली. वाचला तो एकटा यशवंत. दर 7 फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या भाषणात आपण हे सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण शंभर वर्षांनंतर तरी आपल्या वस्तीतलं लेकरू माहितीअभावी जाऊ नये, ही जबाबदारी आपण घेतली का? हा माझा प्रश्न आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांत फिरताना मी दर पावसाळ्यात तेच पाहतो. लेकरू फणफणलं की आधी मीठ-मोहरी उतरवतात, मग अंगारा लावतात. कुठे पोटाला बिब्ब्याचा चटकाही देतात. चिखली तालुक्यातल्या एका आजीने मला ऐकवलं, "भाऊ, दवाखान्यात गेलं की सुई अन् सलाईन. हजार रुपये जातात, मजुरी बुडते ते वेगळंच."

या आजीला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिचं अर्धं म्हणणं खरं आहे. लेकरांचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात. त्यांना सुई-सलाईन लागत नाही. अंगारा देणारा आणि गरज नसताना सलाईन लावणारा, दोघांचाही धंदा आपल्या अज्ञानावर चालतो.

मग घरी काय करायचं? थर्मामीटर लावायचा. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप धरायचा. अंगावर पातळ कपडे ठेवायचे, गोधडीत गुंडाळायचं नाही. आईचं दूध, पाणी, पेज थोडं थोडं देत राहायचं. औषध पॅरासिटामॉल: वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दहा किलोच्या लेकराला 150 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलीत 125 लिहिलं असेल तर 6 मिली आणि 250 लिहिलं असेल तर 3 मिली. बाटली न वाचता 'एक झाकण' दिलं की डोस दुप्पट होऊ शकतो. ॲस्पिरिन लेकरांना द्यायचीच नाही.

आता दवाखाना कधी गाठायचा ते पाठ करा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर लगेच, घरी औषध देत बसायचं नाही. लेकरू पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले, सुस्त पडलं, मान ताठ झाली, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर रात्र असो की पाऊस, निघायचं. ताप तीन दिवसांवर गेला तरी दाखवायचं. डेंग्यूत तर ताप उतरल्यावरच धोका वाढतो. पोट दुखलं, रक्त आलं, हातपाय गार पडले तर थांबू नका. झटके आले तर कुशीवर झोपवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका.

लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे मोजणं खेड्यातल्या कमी शिकलेल्या माणसांना शिकवलं. म्हणजे यासाठी डिग्री लागत नाही, शिकवणारा लागतो.

पण सगळा भार आईवर टाकून शासनाला सुटता येणार नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे. हे उपकार नाहीत, आपला हक्क आहे. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसेल, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद-संग्रामपूरच्या पाड्यांवर गाडी पोचत नसेल, तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

म्हणून एक मागणी आपल्याच मंडळांकडे. यंदा 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे थोडे पैसे कमी करा. प्रत्येक विहारात एक थर्मामीटर, एक वजनकाटा ठेवा आणि वरच्या धोक्याच्या खुणा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आशाताईंना बोलावून महिन्यातून एकदा आयाबायांना शिकवा, आणि बापांनाही बसवा. लेकरू एकट्या आईचं नसतं.

जय भीम!