डब्यातला बिल्ड

पायटॉर्च सोर्समधून कम्पाईल करायची हौस कुणालाच नसते. पिप इन्स्टॉल मारलं की काम होतं, तर तासन्‌तास पंख्याची घरघर कशाला ऐकायची? पण वेळ येते. आमच्याकडे व्ही१०० कार्डं आहेत, २०१७ सालची, व्होल्टा पिढीतली. अजून ठणठणीत! आणि २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३ने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्ही पिढ्यांसाठी कोड बनवणंच बंद केलं. नवीन कार्डांचं बजेट? असो.

म्हणजे नवं पायटॉर्च हवं असेल तर कूडा १२लाच धरून राहायचं, आणि आम्ही ते आपलं आपण बिल्ड करतो. आमचा हा बिल्ड फक्त एका सीनियरच्या मशीनवर व्हायचा. जीसीसी कुठलं, पाथ कुठले, हे त्यालाच ठाऊक. आणि साहेब आता नोटिस पिरियडवर! त्यांच्या डोक्यातलं सगळं कुठेतरी उतरवायलाच हवं होतं. आम्ही ते डॉकरफाईलमध्ये उतरवलं.

एनव्हिडियाच्या कूडा इमेजेस मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: बेस, रनटाईम आणि डेव्हेल. कम्पायलर, म्हणजे एनव्हीसीसी, फक्त डेव्हेलमध्ये असतो, म्हणून ती चांगलीच अगडबंब. बिल्ड तिच्यात करायचा आणि तयार झालेलं व्हील फाईल उचलून छोट्या इमेजमध्ये टाकायचं.

आता गंमत बघा. कम्पाईल करायला जीपीयू लागतच नाही! साधा सर्व्हर पुरतो. पण समोर कार्डच नाही म्हटल्यावर बिल्डला कसं कळणार कोणासाठी कोड काढायचा ते? मग तो नेहमीच्या सगळ्या कार्डांसाठी काढत बसतो आणि वेळ वाढतो. म्हणून टॉर्च_कूडा_आर्च_लिस्टमध्ये ७.० असं स्पष्ट लिहायचं. तेच व्होल्टाचं. मॅक्स_जॉब्सलाही आवर घालायचा, कारण एकेक एनव्हीसीसी भरपूर रॅम खातो आणि मेमरी संपली की लिनक्स सरळ प्रोसेस मारून टाकतो.

अजून एक. इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहिलंत तर डबा सीलबंद राहिलाच नाही. आज एक येईल, सहा महिन्यांनी भलतंच. टॅगसुद्धा उद्या दुसऱ्याच इमेजला लावता येतो. शा-२५६ डायजेस्ट लिहा, तो बदलत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट डब्यात जात नाही: ड्रायव्हर. कंटेनर होस्टचा कर्नल वापरतो, आणि लिबकूडा ही ड्रायव्हरची लायब्ररीसुद्धा एनव्हिडियाची कंटेनर टूलकिट होस्टवरूनच आत जोडून देते. नव्या ड्रायव्हरवर जुना कूडा चालतो, ही सोय आहे. पण व्होल्टाला ओळखतच नाही असा ड्रायव्हर कुणी अपडेटच्या नादात टाकला, की आपला सुंदर डबा नुसता शोभेचा. म्हणून डॉकरफाईलच्या शेजारी होस्टच्या ड्रायव्हरचं व्हर्जनही लिहून ठेवलं आणि ॲडमिनला ते अपडेटमधून वगळायला सांगितलं.

रेसिपी डब्यात बसते, शेगडी नाही बसत. तरी रेसिपी लिहिलेली असणं काही कमी नाही. सीनियर पुढच्या महिन्यात जातील, आणि त्यानंतरच्या सोमवारी बिल्ड कोणीही, अगदी कालच जॉईन झालेला फ्रेशरही, एका कमांडमध्ये करेल.