कोहळ्याचे सांडगे

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ सालीं स्थापन झालें; निगडीस त्याच्याच एका भूखंडावर आमचें घर. परसांत मामंजी दर मृगांत कोहळ्याच्या चार बिया टोंचीत. वेल पत्र्यावर चढे. मार्गशीर्षांत देंठासकट उतरविलेला कोहळा शिंक्यांत टांगला, कीं चैत्रापर्यंत तसाच राही. सालीवरची पांढरी भुकटी म्हणजे त्याचें मेणाचें चिलखतच. ती पुसूं नये, इतकेंच पथ्य.

सांडग्यांची रीत भगिनींस ठाऊकच आहे. एकच सांगावेंसें वाटतें : किसास मीठ लावल्यावर सुटलेलें पाणी टाकूं नये, उडदाची डाळ त्याच पाण्यांत वाटावी, पण बेतानें. पीठ सैल झालें तर सांडगे आंतून ओले राहून बुरसतात. (डबाभर सांडगे टाकून आम्ही हें शिकलों.)

कोहळा बायकांनीं प्रथम चिरूं नये, असा आमच्याकडे संकेत. पहिला घाव मामंजींचा. गेल्या श्रावणांत ते गेले. वेल त्यांनींच लावलेला. यंदा चैत्रांत डाळ भिजली, ऊन वर आलें, आणि घरांतील पुरुष चाकणच्या कारखान्यांत पहिल्या पाळीस गेलेले. शेजारच्या मुलास बोलवावें, असें आम्हीं सुचविलें. सासूबाई कांहीं वेळ शिंक्याकडे पाहत राहिल्या.

"कशाला? ज्यांनीं चिरावयाचा ते नाहींत. आण ती विळी."

किसतांना कोणीच बोललें नाहीं. सांडगे घालून गच्चीवरून खालीं येतों, तों सासूबाई बिया राखेंत घोळून पुडींत बांधीत होत्या.