अक्षराच्या आधी

पहाटे पावणेपाचला घर सोडते, तेव्हा चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला कंटेनरांची रांग निजलेली असते. एखाद्या केबिनमध्ये दिवा, एखाद्या स्टोव्हवर उकळणारा चहा. दिवसा याच रस्त्यावर माझ्या कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा टेंपो तासन्‌तास अडकून पडतो. पहाटे मात्र रस्ता मोकळा असतो. तळेगाव मागे पडलं की काचेतून ओल्या गवताचा वास आत येतो, पाठोपाठ लिदेचा, तेल लावलेल्या चामड्याचा, भिजवलेल्या हरभऱ्याचा. पागा जवळ आली.

तांबड्या कान टवकारून उभाच असतो. कुमैत रंगाचा हा थरोब्रेड शर्यतींतून निवृत्त होऊन आमच्याकडे आला. कागदोपत्री त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आमच्या साईसमामांनी पहिल्याच दिवशी त्याला तांबड्या म्हटलं आणि तेच त्याचं नाव झालं. मी हातात खरारा घेते आणि मानेपासून सुरुवात करते. कोरडी माती उडते, खाली रेशमासारखी चमक दिसू लागते. खांद्यावर माशी बसते. तेवढ्याच बोटभर जागेची कातडी थरारते आणि माशी उडते. ते पाहिलं की मी दर वेळी सावध होते. ज्या अंगाला माशीचं वजन कळतं, त्याच्यावर मी बसणार आहे. काल थकलेलं बिल, रात्री बँकेतून आलेला फोन, यातलं काहीही मी रिकिबीत पाय घालताना खिशात ठेवलं, तर ते त्याला कळणारच. माझी कंबर आखडली की त्याची पाठ आखडते.

आमचा खेळ ड्रेसाजचा. इथे वेग नाही, उड्या नाहीत. 20 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब मैदान, वरच्या पातळीला लांबी 60 मीटर. कडेने पांढऱ्या पाट्या आणि त्यांवर अक्षरं. लहान मैदानावर आठ: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. कुठल्या अक्षरापाशी वळायचं, कुठे दुडकी चाल सोडून कदमावर यायचं, हे सगळं आधी ठरलेलं असतं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. स्वाराचं शरीर अक्षरासमोर येईल त्याच क्षणी बदल घडायला हवा, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

माझ्या महिन्यालाही अशाच पाट्या आहेत. सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, पंधराला भविष्यनिर्वाह निधी, वीसला जीएसटीचा भरणा. सातच्या आतच पगार, आणि अधेमधे कागदाच्या रिळांचे पैसे. माझ्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. तरी सत्तरावा दिवस उजाडला की फोन हातात घ्यावाच लागतो. वडील गेल्यावर कारखाना अंगावर आला. तेव्हाची दोन वर्षं मी नुसती भरधाव सुटले होते. तारीख समोर आली की धावायचं, ती गेली की पुढच्या तारखेकडे धावायचं.

तांबड्याही तसाच होता. त्याला भरधाव पळायचंच शिकवलेलं. हळू चालणं त्याला शिक्षा वाटे. पहिल्या वर्षी मी अक्षरासमोर पोचल्यावर लगाम ओढायची. तो तोंड वर करायचा, पाठ पोकळ करायचा आणि चार पावलं पुढे जाऊन कसाबसा थांबायचा. एकदा कठड्याला टेकून उभे असलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही त्याला अक्षरावर सांगता. अक्षराच्या आधी सांगा."

त्या आधी सांगण्याला हाफ हॉल्ट म्हणतात. शब्दावरून वाटतं अर्धं थांबणं, पण यात थांबायचंच नसतं. मांड किंचित खोल जाते, पाठ सरळ होते, पोटऱ्या हलक्याच लागतात, बोटं लगामावर क्षणभर मिटतात आणि लगेच उघडतात. घोडा आपला भार थोडा मागच्या पायांवर घेतो आणि त्याचा पुढचा भाग हलका होतो. धरायचं आणि सोडायचं. यात सोडणं जास्त अवघड. नुसतं धरून ठेवलं, तर ती ओढाताण होते. तोल नावाची काही स्थिर वस्तू नसते, हे मला तिथे कळलं. तो दर चार पावलांनी नव्याने करावा लागतो.

कळलं, पण वळायला एक रात्र जावी लागली.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. कॉरुगेशन मशीनच्या रोलचं बेअरिंग गेलं. बाहेर पाऊस होता. दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, खोकं मऊ पडतं. ऑर्डर सणासुदीची. तीन दिवस मी पागेकडे फिरकले नाही. फोनवर मामांना म्हणाले, "राहू द्या. माझ्याशिवाय त्याच्यावर कुणी बसायला नको." मैदानात चिखल, म्हणून तांबड्या तीन दिवस ठाणावर उभा. तारीख एकोणीस. रात्री साडेअकराला मामांचा फोन आला. "ताई, तांबड्या लोळतोय. कुशीकडं वळून वळून बघतोय."

पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं पोट लहान, आतडी लांबलचक. आत काही अडलं तर मागे फिरायला वाट नसते. डॉक्टर पोचले, कुशीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. उजवीकडे जवळजवळ शांतता होती. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोट तपासलं आणि फिरवायला सांगितलं. मी आणि मामा आळीपाळीने त्याला दोरीने चालवत होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तांबड्याची मान घामाने भिजली होती. चालता चालता तो माझ्या खांद्याला कपाळ टेकवी, आणि मला शाळेत ऐकलेलं कोडं आठवे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच. न फिरवल्याने.

पहाटे चारच्या सुमाराला त्याने लीद टाकली. मामांनी वाकून ती हातात घेतली, बोटांनी फोडून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसले. लिदेचा एवढा आनंद मला कधी होईल, असं कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

उजाडताना मी फोन उघडला. फोरमनचे सात मिसकॉल. मशीन रात्रीच सुरू झालं होतं, माल बांधून तयार होता, गाडी दारात उभी होती. फक्त माझी सही नव्हती, म्हणून सगळं अडलं होतं. फोरमन वडिलांच्या वेळचा माणूस, पुठ्ठ्याला नुसता हात लावून ओल सांगणारा. त्याच्या सहीवर गाडी सोडायची नाही, हा नियम माझाच. माझ्याशिवाय तांबड्यावर कुणी बसायचं नाही, हाही माझाच. दोन्हींकडे मी लगाम धरून ठेवला होता आणि त्याला जबाबदारी म्हणत होते.

त्या आठवड्यापासून गाडी सोडण्याची सही फोरमनकडे गेली. मंगळवारी आणि गुरुवारी पागेतली एक कॉलेजची मुलगी तांबड्यावर बसते. तिचा हात माझ्याहून हलका आहे. वीस तारखेच्या भरण्याची बैठक आम्ही तेराला घेतो. व्याप तेवढाच आहे, पण तारीख अंगावर येण्याआधी मांड सावरलेली असते.

या खेळात आपल्याला उशीर झाला असं वाटलं की मला एक नाव आठवतं. हिरोशी होकेत्सु हे जपानी स्वार 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या स्पर्धेत उतरले होते. मग कितीतरी वर्षं कंपनीच्या कामात गेली. 2012 मध्ये लंडनला ते ड्रेसाजसाठी पुन्हा उतरले, व्हिस्पर नावाच्या घोडीवर, वयाच्या 71व्या वर्षी. आणि आपल्या देशाच्या चौघांनी, सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी, 26 सप्टेंबर 2023 रोजी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. ती बातमी मी कारखान्यात उभ्याउभ्या वाचली आणि डोळे भरून आले. माझी पातळी फार खालची आहे. पण पाट्यांवरची अक्षरं तीच आहेत, आणि होकेत्सुंमुळे वाटतं, अजून वेळ आहे.

मागच्या हिवाळ्यात स्पर्धा होती. त्याच दिवशी कारखान्यातून दोन गाड्या सुटायच्या होत्या. फोन मामांकडे देऊन मी ए या अक्षरापाशी आत शिरले. समोर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सीपाशी परीक्षक. मधल्या रेषेवर ऐन मध्यभागी थांबून वंदन करायचं. त्या जागेला एक्स म्हणतात. कडेच्या अक्षरांना पाट्या असतात, एक्सला नसते. ती जागा दोन्ही बाजूंच्या ई आणि बीवरून आपणच ओळखायची.

एक्स येण्याआधी मी पाठ सरळ केली, बोटं मिटली, उघडली. तांबड्या थांबला. चारही पाय चौरस, कान माझ्याकडे. मी लगाम एका हातात घेतला, दुसरा हात खाली सोडला आणि मान झुकवली. त्या दोन-तीन क्षणांत गाड्या सुटल्या की नाही, हे मला माहीत नव्हतं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग मी त्याला पुढे जायला सांगितलं.