गुरुवारची मुंबई

आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर आहे आणि त्यावर तीन रंगांची पेनं फिरतात. निळा रंग नवऱ्याच्या सुट्टीचा, लाल माझ्या, हिरवा मुलांच्या. महिना संपतो, पान उलटतं, पण तिन्ही रंग एका चौकोनात काही येत नाहीत. दिवाळीचे दोन दिवस सोडले तर!

तुम्ही पिंपरी-चिंचवडचे असाल तर एव्हाना हसला असाल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे आठवड्याला दोन रविवार असतात. एक जगाचा आणि एक एमआयडीसीचा, म्हणजे गुरुवार. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून कधीकाळी औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. अजूनही भोसरीत गुरुवारी गेलात तर शटरं खाली दिसतात. चाकणला कुठे गुरुवार, कुठे रविवार. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत गुरुवार. मी हिंजवडीत, मला शनिवार-रविवार. त्यात त्याच्या शिफ्ट! सेकंड शिफ्ट असली की तो रात्री येतो तेव्हा मुलं झोपलेली आणि मुलं शाळेत जातात तेव्हा तो झोपलेला. आमचा तीन वर्षांचा धाकटा एकदा त्याच्या चपलांकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा आला होता?" आला होता! जसा काही कुरिअरवाला!

त्या दिवशी मी ठरवलं. बस. एक दिवस काढायचा. सगळ्यांनी. मुंबईला जायचं.

मुंबईच का? तर ती आमच्या सासऱ्यांची परंपरा. ते 'टेल्को'त होते. कंपनी २००३ साली टाटा मोटर्स झाली, पण आमच्या घरात ती अजून टेल्कोच आहे. वर्षातून एका गुरुवारी ते मुलाची शाळा बुडवायचे, आणि बापलेक चिंचवड स्टेशनवरून गाडी पकडून राणीच्या बागेत! नवऱ्याच्या लहानपणाची अर्धी आठवण त्या एका गुरुवारावर उभी आहे. मग मीही लीव्ह टाकली, थोरलीची पहिली शाळा आणि धाकट्याची प्लेग्रुप बुडवली. (टीचर, हे वाचत असाल तर सॉरी. "पोटात दुखतंय" हे खोटं होतं.) बुधवारी राणीची बाग बंद असते, गुरुवारी उघडी. म्हणजे एमआयडीसीची सुट्टी आणि पेंग्विन यांचं बरोबर जुळतं!

आजोबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे ते आले नाहीत. पण आदल्या रात्री त्यांनी दोन चिठ्ठ्या तयार केल्या. त्यावर मुलांची नावं, पत्ता आणि 'बाबांचा मोबाइल नंबर'. एकेक चिठ्ठी मुलांच्या खिशात, वर सेफ्टी पिन.

"आजोबा, आता कोण चिठ्ठी लावतं? फोन आहेत ना सगळ्यांकडे," मी म्हटलं.

"फोन मोठ्यांकडे आहेत. हरवतात लहान मुलं," ते म्हणाले. मग थोरलीला जवळ घेऊन सांगितलं, "चुकामूक झाली तर रडायचं नाही. काळ्या घोड्यापाशी जाऊन उभं राहायचं. तुझ्या बाबालासुद्धा हेच सांगायचो."

सकाळी सिंहगड एक्स्प्रेस. आता दोन लहान मुलांना घेऊन सकाळी सहाच्या आसपास चिंचवड स्टेशन गाठणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार कपडे जास्तीचे, उलटीसाठी पिशव्या. रिझर्वेशन मात्र आधी केलं होतं. अपडाउनवाल्यांच्या गर्दीत मांडीवर मूल घेऊन उभं राहायचं धाडस माझ्यात नाही.

लोणावळा गेलं आणि घाट सुरू झाला. १८६३ साली सुरू झालेली ही भोर घाटाची लाइन. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी ही नावं नवरा न बघता म्हणत होता. थोरली बोगदे मोजत होती. नऊपर्यंत बरोबर होते, मग धाकट्याने मध्येच "बावीस!" म्हटलं आणि भांडण. नवरा दोघांना दोन मांड्यांवर घेऊन खिडकीपाशी बसला. बोगद्यात अंधार झाला की तिघं मिळून ओरडायचे. समोरच्या काकांनी पेपर खाली करून बघितलं आणि पुढच्या बोगद्याला तेही हळूच ओरडले!

मी काहीच करत नव्हते. नुसती बघत होते. किती दिवसांनी?

दादरला उतरून स्लो लोकलने भायखळा. राणीची बाग. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे खरं नाव, पण आपल्या तोंडात राणीची बागच. नवरा आत शिरताच दहा वर्षांचा झाला. "इथे हत्ती होता... इथे आम्ही डबा खायचो..." त्याच्या वेळी पेंग्विन नव्हते. आठ हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बाहेर घामाच्या धारा आणि काचेपलीकडे गारेगार हवेत हे साहेब पोहतायत. धाकटा काचेला नाक लावून म्हणाला, "यांना पण एसी ऑफिस आहे, आईसारखं."

आत अंधार, शाळांच्या सहली, धक्काबुक्की. आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने स्क्रीनकडे. "प्लांटमधून आहे. दोन मिनिटं," असं म्हणून तो बाहेरच्या दिशेने गेला. गुरुवारी प्लांटमधून फोन म्हणजे मेंटेनन्सच्या कामात काहीतरी गडबड. मला माहीत आहे, त्याला रागवून उपयोग नसतो. मी धाकट्याला कडेवर घेतलं, त्याची बाटली काढली, झाकण लावलं. वळून बघितलं तर थोरली नाही.

पहिलं अर्धं मिनिट माणूस शांत असतो. इथेच असेल, पुढच्या काचेपाशी असेल. मग पोटात काहीतरी सुटतं. मी तिच्या नावाने हाका मारत होते आणि त्या हॉलमधल्या शंभर मुलांच्या आवाजात मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. सगळ्या मुली तिच्याएवढ्याच दिसत होत्या. मी बाहेर पळाले. नवरा झाडाखाली उभा, फोन कानाला, दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी समजावत होता.

"ती तुझ्याबरोबर आहे?"

त्याचा चेहरा बघूनच उत्तर कळलं. त्याने फोन कट केला. मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. तो काही बोललाच नाही. एक क्षण नुसता उभा राहिला आणि मग म्हणाला, "काळा घोडा." आणि पळत सुटला.

काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा. फोर्टातल्या ज्या भागाला त्याच्यामुळे नाव पडलं, तिथून तो १९६५ साली राणीच्या बागेत हलवला. तिकडे २०१७ पासून नवा घोडा उभा आहे, त्याच्यावर राजा नाही. मी धाकट्याला घेऊन धापा टाकत पोचले तेव्हा पुतळ्यापाशी एक सिक्युरिटीवाले मामा उभे होते, आणि त्यांचं बोट धरून आमची थोरली. रडलेली नव्हती. नवरा गुडघ्यांवर बसून तिला घट्ट धरून होता, आणि रडत होता तो.

"साहेब, चार वेळा फोन लावला तुम्हाला," मामा म्हणाले. "सारखा बिझी. पोरगी म्हणते, मला काळ्या घोड्याकडे न्या. मी म्हटलं बाळा, काळा घोडा तर फोर्टात. तर मलाच म्हणते, नाही, आजोबांनी सांगितलंय, इथेच आहे!"

नवऱ्याने फोन बघितला. एकाच अनोळखी नंबरचे चार मिस्ड कॉल. प्लांटशी बोलताना कॉल वेटिंगवर दिसत होते. "मला वाटलं, पर्सनल लोनवाला असेल," तो म्हणाला. प्लांटचा कॉल अकरा मिनिटांचा होता.

खरं सांगू? मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण माझ्याच पर्समध्ये माझा फोन होता आणि बाटलीचं झाकण लावण्याआधी मीही ऑफिसचा एक मेल बघितला होता. अर्धा मिनिट. ते मी त्याला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी गाडीत सांगितलं.

पुढचा दिवस मस्त गेला, विश्वास ठेवा. सीएसएमटीसमोर उडुप्याकडे डोसा. मग एनसीपीएला जाणारी लाल एसी डबलडेकर. जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. त्या वरच्या मजल्यावर खिडकीतून वारा यायचा, या नव्या विजेच्या बसला काचा बंद. नवरा जरा हिरमुसला, मुलं अजिबात नाही. त्यांना पुढची सीट मिळाली होती! मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून चौघांनी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. प्लांटमधून पुन्हा फोन आला. त्याने उचलला, "मी मुलांबरोबर आहे, उद्या बोलतो," एवढंच म्हणाला आणि ठेवला. प्लांट बंद पडला नाही. आम्ही दोघांनीही ते नोट केलं.

परतीला पाच दहाची डेक्कन क्वीन. १९३० पासून धावणारी ही राणी चिंचवडला थांबत नाही, म्हणून लोणावळ्याला उतरून लोकल. डायनिंग कारमधून कटलेट मागवलं. कर्जत यायच्या आत दोघंही बापाच्या अंगावर झोपली. एकही बोगदा मोजला नाही.

घरी पोचलो तेव्हा आजोबा जागेच होते. त्यांनी थोरलीच्या खिशाची पिन काढली. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नवऱ्याने गाडीत माझा नंबर लिहिला होता.

"काय गं, घोडा भेटला?" त्यांनी विचारलं.

"भेटला," ती झोपेत म्हणाली. "बाबा पण आला. थोडा उशिरा आला, पण आला."

नवरा काही न बोलता स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला, मला वाटलं. सकाळी बघते तर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या एका गुरुवारावर निळ्या पेनाने गोल. शेजारी लाल आणि हिरवं पेन ठेवलेलं, टोपणं काढून.