पाच बदाम

स्टॉकहोमला मुलाकडे होते. युरोपच्या गायनस्पर्धेला कोणते गाणे धाडायचे, हे ठरवायला सारा स्वीडन हिवाळ्यातले शनिवार दूरदर्शनपुढे काढतो. 1973 साली तज्ज्ञांनी एका चौकडीला तिसरे ठेवले. 1974 मध्ये तीच ‘आबा’ नावाने धाडली, आणि जिंकून आली! (नाव कसे अगदी आपल्या घरातले!) आता अंतिम फेरीत निम्मे गुण परदेशी पंचांचे, निम्मे लोकांचे, त्यातही वयावार गट, पंचाहत्तरीपुढच्यांचा वेगळा, पण वजन सारखेच.

नातवाने माझ्या फोनवर वय नोंदवले. ‘‘आजी, तुझे गाणे कोणते?’’

या घरात पडद्यांचा रंगदेखील मला कुणी विचारला नव्हता. मी चष्मा पुसला, आणि त्याचे लाडके गाणे सोडून दुसऱ्यालाच पाचही बदाम देऊन टाकले. दोन दिवस स्वारी बोलली नाही.